टेकडीची माती

फार मागची गोष्ट. माळावरच्या शर्यतीला येणाऱ्या प्रत्येकाचे पाय म्हातारं साळिंदर हुंगत असे. त्याचे डोळे गेले होते, त्यामुळे कोण कुठल्या बिळातलं, ते मातीच्या वासावरूनच ओळखायचं.

नेहमी पहिलं येणारं मुंगूस एकदा आडवाटेनं पळताना सापडलं, तेव्हा साळिंदरानं त्याच्या टेकडीवरच्या बिळाच्या मातीलाच बंदी घातली. मुंगसानं ओढ्याकाठी नवं बीळ धरलं, आणि टेकडीवरच्या रिकाम्या बिळात एक ससा राहायला आला.

"आजोबा, मी इथे पहिल्यांदाच येतोय," ससा काकुळतीनं म्हणाला.

"पायांना त्याच मातीचा वास आहे. माघारी फिर."

सशामागून आलेल्याचं खाकरणं साळिंदराला चांगलंच ओळखीचं वाटलं. त्याच्या पायांना मात्र ओढ्याचा वास होता. साळिंदरानं निमूट वाट सोडली.

त्या दिवशीही मुंगूसच पहिलं आलं.