पदराआडचं हसू

एका राज्यात कुणी हसत नसे. तशी राजाज्ञा नव्हती, धर्मवचन नव्हतं, पण नसे हसत. याचं खरं कारण ठाऊक असलेलं एकच माणूस आता जिवंत होतं, ती थोरली राणी कुंतलावती. आणि ती फार दमली होती.

साठ वर्षांपूर्वी ती नवरी होऊन आली, त्याच्या आदल्या दिवशी तळ्याच्या पायरीवर पडून तिचा पुढचा दात अर्धा तुटला. दरबारात विदूषक काहीसं बोलला, तिला हसू फुटलं, आणि लाजेने तिने पदर तोंडावर धरला. घडलं ते एवढंच. महिन्याभरात दरबारच्या साऱ्या स्त्रिया पदराआड हसू लागल्या. वर्षभरात पुरुषही उपरण्याआड हसू लागले. मग पंडितांनी ग्रंथ रचला, की हसण्यावाटे आयुष्य गळतं. शेवटी कराळनाथ मांत्रिक आला आणि सातवं वर्ष लागलेल्या मुलांच्या गळ्यात रेशमी गोफ बांधू लागला. गोफाची गाठ बसली, की त्या माणसाचं हसू निघून कराळनाथाच्या गुहेतल्या रांजणात जाऊन पडे. मुलांचं पाहून मोठ्यांनीही गोफ बांधून घेतले.

आता राणीची नात नीलाक्षी सातव्या वर्षात आली होती. पोर दिवसभर खिदळायची. मुंगी पाहून हसायची, वरणभात पाहून हसायची. तिच्या गोफाला तीन दिवस उरले, तेव्हा राणी काठी टेकत डोंगर चढून गुहेत गेली.

"मांत्रिका, तुझा शाप मागे घे."

"शाप माझा नाही, राणी," कराळनाथ म्हणाला. तोही थकलेला दिसत होता. रांजणांमुळे त्याला पाय पसरायला जागा उरली नव्हती. "मी फक्त गाठ बांधतो. गळे लोकच घेऊन येतात. ज्याची गाठ त्याच्याच हाताने सुटते. मी कधी कुणाला अडवलं?"

"मग कुणी सोडत का नाही?"

"तुझ्यापासून सुरू झालं, तूच सोडवून पाहा. तीन दिवस हाती आहेत."

पहिल्या दिवशी राणीने दवंडी पिटवली, की गोफ सोडा आणि हसा. लोकांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. राणीसाहेब आपली परीक्षा पाहताहेत, असं ठरलं, आणि ज्यांचे गोफ सैल होते त्यांनी ते आवळून घेतले.

दुसऱ्या दिवशी भरदरबारात तिने खरं काय ते सांगून टाकलं. पायरी, तुटका दात, पदर, सारं. साठ वर्षं झाली तरी सांगताना तिचे कान तापले. दरबार गहिवरला. संध्याकाळी तिची पाळलेली साळुंकी गावभर फिरून आली.

"काय म्हणतात लोक?" राणीने विचारलं.

"वैद्याच्या दारी रांग आहे, राणीसाहेब. पुढचा दात अर्धा तोडून घेताहेत. सेनापतींनी दोन तोडले."

राणीने कपाळावर हात मारला. "हुकूम करून झाला, सांगून झालं. आता माझ्याच्याने होत नाही, बाई."

साळुंकीने मान वाकडी केली. "एक विचारू? आपल्या गळ्यातला गोफ कधी सोडणार?"

राणीचा हात गळ्याशी गेला. तीस वर्षांपूर्वी, चारचौघींत वेगळं दिसायला नको, म्हणून तिनेही तो बांधून घेतला होता. गळ्यात गोफ आहे, हेच ती विसरून गेली होती.

तिसऱ्या दिवशी मंडप भरला. नीलाक्षी पाटावर बसली. कराळनाथाने गोफ उचलला.

"आजी, गुदगुल्या होतील का गं?" पोरीने विचारलं आणि स्वतःच खिदळली. तिच्या आईने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

राणी उठली. हजार डोळ्यांदेखत तिने आपल्या गळ्याच्या गाठीला हात घातला. गाठ जुनी होती, आणि भरसभेत डोईवरचा पदर पडावा तशी लाज वाटत होती. तरी तिने ओढली. गाठ सुटली. डोंगरावर एक रांजण फुटला, आणि तीस वर्षांचं हसू एकदम तिच्या गळ्यात आलं. तिच्या तोंडात आता एकही दात नव्हता. ती बोळक्या तोंडाने हसली, खोकली, पुन्हा हसली.

आधी सेनापतींचा हात गळ्याशी गेला. मग नीलाक्षीच्या आईचा. मग मंडपभर गाठी सुटू लागल्या, आणि रांजण फुटल्याचे आवाज दुपारपर्यंत येत राहिले. कराळनाथाने हातातला गोफ गुंडाळून कनवटीला लावला आणि तो पाय पसरून झोपायला गुहेत निघून गेला. शाप सरला. राज्यात घरोघर हसू नांदू लागलं.

संध्याकाळी राजपंडित ताडपत्र घेऊन आले. "महाराणी, हसताना आपण कमरेवर हात ठेवला होता. उजवा की डावा? प्रजा विचारते आहे."

कमरेत कळ आली होती, म्हणून ठेवला होता. तसं सांगायला राणीने तोंड उघडलं आणि मिटलं. सांगून काय होतं, ते ती पाहून चुकली होती. अंगणात नीलाक्षी जमिनीवर लोळून हसत होती, हातपाय कुठेही टाकत. राणीने सुस्कारा सोडला, दोन्ही हात खाली सोडले, आणि कळ सोसत, पंडित कोरं ताडपत्र घेऊन निघून जाईपर्यंत ती हसत राहिली.