थोराड चाकं

लई मागं, डोंगरातल्या एका वाडीत धुळबाची जीप व्हती. डिझेलचा एक डबा वतला की घाटापल्याडच्या दवाखान्यापतुर बरोबर पोचायची.

धुळबानं हौसेनं तिला थोराड चाकं घातली. गिअरबॉक्स म्हनाला, "चाकं वाढली, पर माझं दातं तेच. इंजिना, आता तुझा दम निघंल आन डिझेलबी जास्त लागंल."

चाकं खिदळली, "गप ए म्हाताऱ्या! लोक आमाला बघत्यात. तुला कोन कुतरं बघतंय?"

इंजिनाला कळत व्हतं, पर असल्यांच्या तोंडी लागायचं कुनी?

एक दिस धुळबाच्या आईच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी तिला उचलून जीपमधी चढवली. धुळबानं नेहमीसारखा एकच डबा वतला. घाटात इंजिनानं ऊर फुटस्तवर वढलं. दवाखान्याचं पत्रं दिसाय लागलं आन डिझेल सपलं.

"चल की गं बाई!" धुळबानं बॉनेटवर हात आपटलं. मग आईला पाठीवर घिऊन पळत सुटला.

परत आला तो सावकाश. आई पाठीवरच व्हती, पर आता घाई नव्हती. डिझेल आणस्तवर तिला जीपमधी निजवाय गेला, तर चाकं एवढी उंच, एकट्याला ती वर चढवता येईना.