द्वारकाबाईंचे तेल

नदीकाठच्या एका गावात एकदा एक वैद्यीणबाई वारल्या. त्यांचे नाव द्वारकाबाई. चाळीस वर्षे त्यांनी गावाच्या नाड्या पाहिल्या, मोठे घर सांभाळले आणि एका दिवसाचाही जप चुकवला नाही. तेराव्याला माणसे जमली, तेव्हा रुग्ण म्हणाले, बाई आमच्यासाठीच जगल्या. देवळातली मंडळी म्हणाली, छे, त्या तर देवाच्याच होत्या. घरच्यांनी डोळे पुसत सांगितले की बाईंचा जीव सगळा घरात होता. या सर्वांचे खरे मानले, तर द्वारकाबाईंना रोज बहात्तर तास मिळत असावेत, असा हिशेब त्यांच्या धाकट्या सुनेने पाणी वाढता वाढता मनातल्या मनात केला. बोलली मात्र नाही. तिच्या लग्नाला अजून वर्षही झाले नव्हते.

सासूबाईंनी त्या अपुऱ्या वर्षात तिला औषधे शिकवली होती. आता घराण्याचे वैद्यक तिच्यावर आले होते. त्यातले वाताचे तेल सर्वांत नावाजलेले. हिवाळ्यात गावातल्या कोष्ट्याचा खांदा आखडे, आणि त्या तेलावाचून त्याचा माग बंद पडे.

सुनेने ठरवले, हे काम मन लावून करायचे. दोन कामांत लक्ष विभागले की दोन्ही बिघडतात, असे तिला वाटे. म्हणून पाणी भरण्याचे तिने नवऱ्याकडे दिले, आजारी सासऱ्यांची पेज शेजारणीकडे सोपवली, जप संध्याकाळवर ढकलला. मग पदर खोचून ती चुलीसमोर बसली ती उठलीच नाही. मुळ्या त्याच, माप तेच, कढईसुद्धा तीच. तेल मात्र करपले.

दुसऱ्यांदा तिने अधिक मन लावले. तेल अधिक करपले.

कोष्टीण वाटी घेऊन आली. तेलात बोट बुडवून ते उजेडात धरत म्हणाली, "सासूबाईंचं तेल मधासारखं दिसायचं हो. हे नावेच्या बुडाला लावायला बरंय."

"आणखी एकदा करून बघते," सून म्हणाली.

"बघा बाई. ह्यांना हात वर नेता येईना झालाय. टोपी मी घालते डोक्यावर."

मुळ्या एकाच खेपेपुरत्या उरल्या होत्या. नव्या मिळायच्या त्या पावसाळ्यानंतर. तेव्हा सून गावातल्या वृद्ध गुरुजींकडे गेली. वैद्यकाचे ग्रंथ तिला त्यांनीच वाचायला शिकवले होते. "गुरुजी, कुठलातरी श्लोक माझ्याकडून सुटलाय," ती म्हणाली.

"श्लोक सुटलेला नाही," गुरुजी म्हणाले. "उद्या सकाळी येतो. तेल चढवून ठेव."

सकाळी ते आले आणि ओट्यावर टेकले. कढईकडे त्यांनी पाहिलेही नाही. सुनेने डाव हाती घेताच म्हणाले, "तो खाली ठेव. माळ घे. नेहमीचा जप कर."

तिने जप केला. नजर सारखी कढईकडे धावत होती. माळ संपताच तिचा हात लाकडाकडे गेला.

"राहू दे. सासऱ्यांना पेज दे जा."

"शेजारच्या काकू देतात ना."

"आज तू दे. आणि घाईने देऊ नकोस, त्यांना ठसका लागतो."

पेज देऊन ती धावतच परतली. कढईतला आवाज मंदावला होता. ती फुंकणी शोधू लागली, तोच गुरुजी म्हणाले, "आता घागर घे आणि घाटावर जा."

"आणि तेल?"

"तेल कुठे जातंय?"

घाटावर जाताना तिला रडू येत होते. आपण शेवटच्या मुळ्या एका म्हाताऱ्या माणसाच्या लहरीवर उधळल्या, असे वाटत होते. परत आली तेव्हा चुलीत निखारे उरले होते आणि कढईत बारीक पांढरा फेस आला होता. तिने शिजलेल्या मुळ्यांचा चोथा वातीसारखा वळून निखाऱ्यावर धरला. तो चरचरला नाही. पाण्याचा अंश गेला होता आणि तेल मधासारखे दिसत होते.

तिने ती वात गुरुजींपुढे धरली.

"हे तेल मंद होत जाणाऱ्या आचेवर शिजतं," गुरुजी म्हणाले. "समोर बसलं की माणसाचा हात स्वस्थ राहत नाही. ढवळतो, लाकूड पुढे सारतो. तू फार मन लावलंस, पोरी. मी कित्येक वर्षं द्वारकाबाईंना घाटावर बघायचो. घागर भरली की चालू लागायच्या, दोन शब्द बोलायच्या नाहीत. जपाला बसल्या तरी डोळा चुलीकडे. मला वाटायचं, बाईंचं कशातच धड लक्ष नाही. एकदा तोंडावर म्हटलंही. तर हसून म्हणाल्या, 'गुरुजी, मी सारखा तेलात हात घालू नये म्हणून देवानं हातात माळ दिलीय.' मी ते थट्टेवारी नेलं. काल तू आलीस तेव्हा कळलं, बाई सरळ कृती सांगत होत्या. लोक म्हणतात, त्यांनी वैद्यकी, घर आणि जप अशी तीन कामं सांभाळली. त्या एकच करत होत्या, आणि त्याला ह्या तिन्हींची आच लागत होती."

सुनेने कढई खाली उतरवली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे पाणीही आता मीच भरायचं का?"

गुरुजी मनापासून हसले. "नवरा भरतोय ना? भरू दे की. चुलीपासून उठायला काहीतरी कारण हवं, एवढंच. ते तुझं तू शोध. सासूबाईंचं काम तुला मिळालंय, त्यांची घागर नव्हे."

दुपारी कोष्टीण आली. तिने बोट बुडवले, मनगटावर चोळले आणि वाटी पुढे केली. सून तेल गाळू लागली. इतक्यात आतून सासऱ्यांची हाक आली. "आले हं," म्हणत तिने गाळणे खाली ठेवले आणि ती उठली. काम अर्धवट सोडून आपण जात आहोत, असे तिला त्या वेळी वाटले नाही.