खंड्याची एक भुंक

मेंढ्या आपला पुढारी आपणच निवडत, त्या काळातली ही गोष्ट. राखणीतून निवृत्त झालेला खंड्या कुत्रा निवडणुकीला उभा राहिला. समोर होती म्हातारी गोदी शेळी. खंड्याचे दात सगळ्यांच्या पायांना ठाऊक होते, म्हणून मेंढ्यांनी आधीच ठरवलं, मत गोदीलाच.

ज्याला मत द्यायचं, त्याच्या बाजूला जाऊन उभं राहायचं, अशी रीत होती. कळप गोदीकडे निघाला. खंड्याने घसा साफ केला आणि एकदाच भुंकला.

क्षणात सगळ्या मेंढ्या त्याच्या बाजूला, अंगाला अंग चिकटवून उभ्या! पलीकडे गोदी एकटी.

"एवढी माया आहे होय तुमची माझ्यावर?" खंड्याचे डोळे पाणावले.

"पाय आपलेच होते ना गं?" ढवळी मेंढी कुजबुजली.

"आपलेच," शेजारीण म्हणाली, "पण आपलं ऐकायला कधी शिकलेच नाहीत."