भीमाचा रंग खरवडला

फार पूर्वी लष्कराच्या एका तळावर भीमा नावाचं मालवाहू विमान होतं. तिथल्या झाडांपेक्षाही जुनं म्हणा ना! एके सकाळी माणसांनी त्याची इंजिनं उतरवली, अंगावरचा रंगसुद्धा खरवडून काढला. आता आपण भंगारात जाणार, असंच भीमाला वाटलं.

शेजारचं कोरं लढाऊ विमान खिदळलं, "आजोबा, आता तुमची पातेली होणार, भात शिजवायला!"

तेवढ्यात मुख्य मेकॅनिक वाघचौरे आले. उघड्या पत्र्यावरून त्यांनी इंच इंच हात फिरवला. "रंगाखाली तडे लपतात, म्हणून खरवडायला लावलं. पण गडी ठणठणीत आहे! नवी इंजिनं चढवा, अजून पुष्कळ उडेल."

भीमाचा जीव भांड्यात पडला.

"मलाही असं खरवडतील?" कोऱ्यानं घाबरून विचारलं.

"खरवडोत रे बाळा," भीमा मायेनं म्हणाला, "दर काही वर्षांनी खरवडोत!"