धुक्यातून आणलेलं मत

मालवणात आम्ही असल्या पाण्याला डबकं म्हणू. इथे त्याला तळं म्हणायचं, नि तेही मान देऊन. जरा मागे उभे राहा, बूट भिजतील. अमेरिकेत येऊन माझे केस पिकले, पण असं धुकं मी दुसरीकडे पाहिलं नाही. बघता बघता माणूस पेंगुळतो.

राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. राज्यपालपदाला हौशे-नवशे पुष्कळ उभे होते, पण खरी झुंज दोघांची: लाकडाच्या गिरणीचा मालक जोसाया आणि नावाड्याचा मुलगा एझ्रा. मतं फुटली, बहुमत कुणालाच मिळालं नाही. मग रिवाजाप्रमाणे निवड विधिमंडळाकडे गेली. सभागृह तेव्हा या काठावरच होतं. मत म्हणून पेटीत दाणा टाकायचा: एझ्रासाठी मक्याचा, जोसायासाठी घेवड्याचा. पेटीतून दोन्ही सारखेच निघाले म्हणे.

एकच सभासद यायचा राहिला होता, पलीकडच्या काठचा सायलस. तो जोसायाचा, हे शेंबडं पोरही जाणत होतं. दिवस मावळेपर्यंत तो आला नाही, तर सभापती आपलं मत टाकणार. आणि सभापती एझ्राचा! एझ्रानं नुसतं बसून राहायचं होतं. त्याला ते पद हवं होतं हो, अगदी मनापासून हवं होतं.

तेवढ्यात धुक्यातून सायलसची हाक आली. तो होडी मागत होता, पण एकही नावाडी पाण्यात उतरायला धजेना. झोपेत ऐकू यावी तशी ती हाक येत राहिली, असं सांगतात. पलीकडच्या हाकेला ओ दिल्याशिवाय राहणार नाही, असा शब्द एझ्रानं मरत्या बापाला दिला होता. त्यानं कोट काढला नि वल्हं उचललं. त्याचीच माणसं आडवी आली, पण तो थांबला नाही. धुकं त्याच्यापुढे दुभंगलं म्हणे. खरंखोटं ते तळं जाणे.

सायलस वेळेत पोचला. त्यानं पेटीत घेवडा टाकला आणि एझ्रा हरला.

आणलेल्या माणसाला परत पोचवणंही एझ्राच्याच माथी आलं. तळ्याच्या मधोमध सायलस म्हणाला, "मत नाही देता आलं, एझ्रा. शब्द जोसायाला दिला होता. वल्हं तरी इकडे दे."

एझ्रानं वल्हं दिलं, आणि मग तो रडला.

आजही शपथेच्या सकाळी हरलेला उमेदवार जिंकलेल्याला होडीत घेतो. मध्यावर राज्यपाल वल्हं मागून घेतो. तिथून पुढचं पाणी हरलेल्याचं, हवं तर रडून घ्यायला. काठावरचे आम्ही सगळे तेवढा वेळ पाठ फिरवून उभे राहतो.