येसूचा टाका

या, सावलीत या, पण चपला पायरीखालीच राहू द्या. फोटो मागाहून काढा. होडी कुठं पळून जात नाही. जरा वाकून बघा, हिच्यात तुम्हाला एक खिळा सापडायचा नाही. फळीला फळी काथ्याच्या दोरीनं शिवलेली आहे, गोधडी शिवावी तशी. दर वर्षी समुद्र निवला की समुद्रापारच्या झुमार शहरातून पाहुणे येतात. त्यांच्यातला एक जण होडीच्या बाहेर बसतो, आमच्या देवखोलचा एक जण आत बसतो, आणि दोघं मिळून एक फळी उसवून पुन्हा शिवतात. यंदा दोन्हीकडच्या नगरपालिकांची तुम्ही मंडळी मैत्रीच्या करारावर सह्या करायला आलात. चांगली गोष्ट आहे, खुशाल करा सह्या. पण आमचा पहिला करार दोरीनं झाला होता, तो कसा झाला तेवढं आधी ऐका.

किती जुनी गोष्ट ते विचारू नका, माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हतं. तेव्हा म्हणे देवखोल आणि झुमार यांच्यात विस्तव जात नव्हता. सुरुवात कुणी केली? इथं विचाराल तर त्यांनी, तिथं विचाराल तर आम्ही. बारा वर्षं यांनी त्यांची गलबतं जाळली, त्यांनी यांची. शेवटी दोन्ही बंदरांत असं झालं की गलबत होतं तर खलाशी नव्हता आणि खलाशी होता तर गलबत नव्हतं. आमच्या कोठारात त्यांची एकोणीस माणसं डांबलेली होती आणि त्यांच्या कोठारात आमची बावीस. आपापली माणसं तर हवीत, पण एकमेकांच्या गलबतावर विश्वास कुणाचाच नाही.

मग दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एक तोड काढली. होडी एकच बांधायची आणि ती दोन्ही गावांनी मिळून शिवायची. त्याच होडीनं त्यांची एकोणीस माणसं तिकडं पोचवायची आणि त्याच होडीनं आपली बावीस परत आणायची. झुमारहून त्यांचा शिवणारा आला, खलफान नावाचा. आमच्याकडून शिवायला येसू नावाच्या बाईला बोलावलं.

येसूचा नवरा होड्या शिवायचा आणि हे काम ती त्याच्या हाताखाली शिकलेली. पुढं तिचा हात त्याच्यापेक्षा चांगला बसला, असं सांगतात. चार वर्षांपूर्वी झुमारच्या लोकांनी जे गलबत जाळलं, त्यावर तिचा नवरा होता आणि एकुलता एक मुलगाही होता. सुटून येणाऱ्या बावीस जणांत तिचं कुणीच नव्हतं. बंदराचे नाईक स्वतः तिच्या दारात गेले नि म्हणाले, "येसूवहिनी, तुमच्या हाताशिवाय ही होडी तरायची नाही."

ती म्हणाली, "मग बुडू द्या."

नाईक मान खाली घालून परत गेले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येसू आपणहून किनाऱ्यावर आली, काखेत दोरीचं वेटोळं आणि हातात लाकडी हातोडी घेऊन. सगळ्यांना हायसं वाटलं. ही का आली, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे काथ्याचा धंदा करणाऱ्या गावाला वेगळं सांगायला नको होतं.

आता शिवण कशी चालते ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एक माणूस होडीच्या बाहेर, एक आत, मध्ये फळी. बाहेरच्यानं भोकातून दोरी आत द्यायची, आतल्यानं ती ताणून धरायची आणि दुसऱ्या भोकातून बाहेर पाठवायची. एकानं ओढलं की दुसऱ्यानं धरायचं. तोंड दिसत नाही, हात दिसत नाही, पण दोरी हातात असली की पलीकडच्याच्या मनातलं कळतं. मानाची जागा बाहेरची, कारण लोकांना दिसतो तो बाहेरचा टाका. आतली जागा अंधाराची, राळेच्या वासाची. आमच्या लोकांनी अडून बसून बाहेरची जागा येसूला मिळवून दिली. खलफान आत उतरला.

पंधरा दिवस काम सरळ चाललं. तिची भाषा त्याला येत नव्हती, त्याची तिला, पण टाके असे बसत की दोघं एका घरात शिकल्यासारखी वाटत. त्याचाच तिला जास्त संताप येई. असल्या चांगल्या हातांच्या माणसांनी माझं घर जाळलं, असं ती पुटपुटायची म्हणे.

सोळाव्या दिवशी तळाजवळची शेवटची फळी आली. होडीचा सगळा भार तिच्यावर. येसूनं दोरी आत दिली, त्यानं ती ओढून बाहेर पाठवली, आणि तिनं ओढायचं तेवढं ओढलं नाही. बोटभर ढिली सोडली. वरून राळ बसली की कुणाला दिसणार नव्हतं. किनाऱ्यापासून दोन दिवसांवर लाट जोराची लागली की होडी बुडवायला तेवढा एक टाका पुरे होता. आपली बावीस माणसं मग कधीच येणार नाहीत, हेही तिला कळत होतं. खोटं कशाला बोला, त्या घडीला तिला त्याचं काही वाटलं नाही.

आतल्याला ते कळलंच. दोरी हातात असताना कळणार नाही असं होत नाही. खलफाननं नुसती आरोळी ठोकली असती तर करार तिथंच मोडला असता, येसूचं जे व्हायचं ते झालं असतं, आणि कोठारातल्या एकोणीस जणांचंही. तो ओरडला नाही. त्यानं टाका सोडवला आणि दोरीचं टोक भोकातून बाहेर ढकललं.

येसूनं पुन्हा दोरी आत दिली, पुन्हा ढिली सोडली. टोक पुन्हा बाहेर आलं. असं सात वेळा झालं, असं सांगतात. सातव्या वेळी दोरी ओली आली आणि तिच्या बोटांना रक्त लागलं, कारण सोडवून सोडवून त्याची बोटं सोलून निघाली होती. येसूचं डोकं फिरलं. हातोडी टाकून ती शिडीवर चढली आणि काठावरून आत वाकून म्हणाली, "काय पाहिजे तुला? ओरड की एकदाचा!"

तो तळाशी बसला होता. त्यानं त्या टाक्याशेजारची जागा हातानं थोपटली. तिथं त्याची घोंगडी अंथरलेली होती. मग छातीवर हात ठेवला: इथं मी बसणार. मग घोंगडीवर, आपल्या बसल्या खांद्याएवढ्या उंचीवर, तळहात आडवा धरला: आणि ही. कोठारातल्या एकोणीस जणांत त्याची मौजा नावाची मुलगी होती. सात-आठ वर्षांची असेल, आईबरोबर गलबतातून जाताना आमच्या लोकांनी धरलेली. आई कोठारातच तापानं गेली. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, येसूलाही. ती पोर कुणाची, एवढंच तिनं कधी विचारलं नव्हतं.

येसूनं काठावरचा आपला हात उचलला आणि स्वतःच्या डोक्याच्याही वर, वीतभर उंच धरला. माझा एवढा होता. चार वर्षांत तिनं कुणापुढं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. त्या माणसापुढं ती रडली. तोही रडला म्हणतात. कोण कुणाची समजूत घालणार, आणि कोणत्या भाषेत? ती खाली उतरली, पदर खोचला, पाय फळीला लावून दोरी ओढली. आतून त्यानं धरली. तो टाका बसला.

होडी एकोणीस माणसं घेऊन गेली आणि पुढच्या हंगामात आमची बावीस माणसं घेऊन परत आली. अख्खं गाव पाण्यात उतरलं. कुणाची आई गळ्यात पडतेय, कुणाची बायको. येसू बाजूला उभी, हातोडी पायाशी. गर्दी निवल्यावर नाईक सगळ्यांसमोर म्हणाले, की आता ही होडी दर वर्षी दोन्ही गावांनी मिळून शिवायची आणि बाहेरची जागा कायम येसूवहिनींची.

"मी आत बसेन," येसू म्हणाली. "बाहेर त्यांचा माणूस बसू द्या."

"वहिनी, आतली जागा हलकी."

"हलकी नाही, नाईक. ढिली दोरी आतल्यालाच कळते. गेल्या वर्षी मी सात वेळा ढिली सोडली होती. ही माणसं बुडावीत म्हणून सोडली होती. त्यानं सात वेळा परत केली, म्हणून तुमची पोरं आज तुमच्या गळ्यात आहेत. आता काय करायचं ते करा माझं."

मग सुटून आलेल्या बाविसांतला एक जण पुढं झाला, त्यानं तिची हातोडी उचलून तिच्या हातात दिली आणि तिला हाताला धरून होडीत चढवलं.

नंतर फळ्या बदलल्या, दोऱ्या कुजल्या, बदलल्या. येसूचा तो टाका तेवढा कधी कुजला नाही, असं म्हणतात. खरं-खोटं समुद्र जाणे. पण आजही आत कुणी बसायचं हे आम्ही हात बघून ठरवत नाही. सगळं गाव इथं जमतं आणि नाईकांच्या घरातलं वडीलधारं माणूस एकच विचारतं: यंदा ढिला टाका घालावा असं कुणाच्या मनात आलं? ज्याच्या आलं त्यानं आपणहून उठायचं आणि आत जाऊन बसायचं, कारण ढिली दोरी त्याच्याइतकी कुणाला कळायची नाही. दर वर्षी कुणी ना कुणी उठतंच.

माझा धाकटा भाऊ झुमारच्या बोटीच्या धडकेनं गेला, त्या वर्षी मी उठलो होतो. बाहेर त्यांचा माणूस होता, नाव आजही धड घेता येत नाही मला. सकाळपासून दिवस कलेपर्यंत ढिला बसवत, सोडवत आमचा एकच टाका झाला. तो हा. या, हात लावून बघा.